वय बासष्ट, पाळी चालू

“हिचं काय विचारतेस, हिचं बारा महिने चालूच असतं.”

वहिनी, आमच्या मालकीणबाई, हे मला म्हणाल्या नव्हत्या. शेजारी बसलेल्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना म्हणाल्या, तोंडापुढे हात धरून. सेक्रेटरीबाई हसल्या. रांगेतल्या पुढच्या दोन-तीन बायकांनी ऐकलं, त्याही हसल्या. कशाला हसलो हे त्यांना ठाऊक नसावं. वहिनी हसल्या की हसायचं, एवढं ठाऊक होतं.

टेबलापलीकडे माझी आई उभी होती.

धुतलेलं लुगडं. डोक्याला तेल. शिबिराला जायचं म्हणून कपाळावर कुंकवाची जागा सोडून गोंदणाच्या ठिपक्यावरून तिने ओला हात फिरवला होता. विधवेचा नट्टापट्टा एवढाच.

वहिनींनी मान वर केली नाही. “अगो, तू कशाला आलीस? बाहेरच्या बायकांनी यायचं नाही असं भिंतीवर लावलंय ना? तुझ्या पोरीनेच लिहिलंय. जा हो घरी. आणि त्या टेबलाला शिवू नको.”

आईने टेबलाच्या कडेवर ठेवलेली बोटं उचलली. चटका बसावा तशी.

पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं. नाव. वय चौपन्न. पाळी चालू. परत.

माझ्या आईला मी परत पाठवलं. माझ्या अक्षरात.

ती उभी होती त्या फरशीवर मंडळातल्या एका बाईने तांब्यातलं पाणी शिंपडलं. कॅन्सर तपासणीच्या शिबिरात. मुंबईचे डॉक्टर तिथून दहा हातांवर पडद्याआड होते. पाणी शिंपडलेलं मी पाहिलं. आणि पुढच्या बाईला नाव विचारलं.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा रेल्वे नव्हती, मुंबई म्हणजे रात्रभराची एस.टी. तिकडचे डॉक्टर आपल्या गावात येऊन बायकांची तपासणी करणार, हे वहिनींच्या महिला मंडळाचं मोठं काम होतं. एका शाळेच्या सभागृहात दोन दिवस शिबिर. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत सापडला तर बाई वाचते, असं वहिनींनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. भाषण मी लिहून दिलं होतं.

आम्ही वहिनींच्या मागीलदारच्या खोलीत राहायचो. आई त्यांच्याकडे धुणीभांडी करायची. वहिनींचे यजमान वकील, इंग्रजी शाळेच्या कमिटीवर. त्यांनी शब्द टाकला आणि भांडी घासणारीची पोर इंग्रजी शाळेत गेली. ते मला कधी विसरू दिलं नाही. पाहुणे आले की मला बोलवायचं. “ही आमच्या बाईची मुलगी. आम्हीच शिकवली. बोल गो काहीतरी इंग्लिशमध्ये.” मी मान खाली घालून उभी. पाहुणे म्हणायचे, लाजते. मी लाजत नव्हते. माझ्या तोंडात शब्द गोठायचे. शाळेतही तेच. सगळं वाचता यायचं, सगळं लिहिता यायचं. तोंड उघडलं की मागल्या बाकावरून कोणीतरी भांड्याचा आवाज काढायचं. म्हणून तोंड उघडणं सोडलं. पाहायचं आणि ऐकायचं. एवढंच मी शिकले.

आईची पाळी चार वर्षांपूर्वी बंद झाली होती. मग त्या वर्षी शिमग्यानंतर पुन्हा रक्त दिसलं. आईला वाटलं, परत आली. विहिरीवरच्या बायकांनी तिची थट्टा केली. “देवान परत तरणी केलान गो तुला. आता न्हवरा बघ एखादा.” आईही हसली होती.

ते थांबलं नाही. चार दिवसांनी नाही, चार आठवड्यांनी नाही. कधी थेंब, कधी लुगडं भिजेल इतकं. आणि रक्त म्हणजे बाहेरची. हा नियम आईला कोणी शिकवायला नको होता. वहिनींनी तिचं घरात येणं बंद केलं. भांडी मागीलदारी पालथी मिळायची, घासून पालथी ठेवायची, वर वहिनी पाणी मारून उचलायच्या. जेवण वरून पानावर पडायचं. गोठा मात्र तिने साफ करायचा. शेण तिने काढायचं. गाईला तिचा विटाळ होत नव्हता.

आईने मलाही शिवणं सोडलं. आमची खोली दहा फूट. त्यात ती दाराशी गोणपाटावर निजायची, मी भिंतीला. माझ्या केसांना तेल लावायची, ते आठ महिन्यांत लावलं नाही. वास यायला लागला तेव्हा ती आणखी दारापाशी सरकली. मी नाक उशीत खुपसायचे. मी. सायन्सच्या शेवटच्या वर्षाला असलेली. बेडकाचं पोट फाडून एकेक अवयव नावानिशी दाखवणारी. आईच्या पोटात काय चाललंय हे मी एकदाही विचारलं नाही. पाळीबद्दल बोलायचं नसतं, हे मला इंग्रजी शाळेतही शिकवलं होतं आणि गोणपाटावरही.

पहिल्या दिवशी दुपारी शिबिर थांबलं. डॉक्टर जेवायला वहिनींकडे गेले. मला सामान आवरायला ठेवलं होतं. काचपट्ट्यांच्या खोक्यात तळाशी डॉक्टरांचं इंग्रजी माहितीपुस्तक होतं. आधी मी त्यातलं एकच पान पाहिलं होतं, सूचनांचं. त्यात लिहिलं होतं की पाळी सुरू असेल तर बाईला पाळी संपल्यावर बोलवा, कारण लाकडी पट्टीने घेतलेला स्राव काचेवर नीट दिसत नाही, रक्ताने झाकला जातो. वहिनी म्हणाल्या होत्या, “आपल्या बायकांना कळेल असं लिही. लिही, बाहेरच्या बायकांनी येऊ नये.” मी मोठ्या अक्षरात लिहिलं. काच स्वच्छ राहावी म्हणून केलेला नियम वहिनींच्या तोंडून सोवळ्याचा झाला आणि माझ्या हातून भिंतीवर चढला.

आता मी पुढचं पान वाचलं.

पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं ही पाळी नव्हे. दुर्गंधी असलेला स्राव, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त, दोन पाळ्यांच्या मधलं रक्त, ही धोक्याची लक्षणं. अशा बाईला परत पाठवू नका. काचेवरच्या तपासणीची वाट पाहू नका. तिला आधी तपासा.

आधी.

मी रजिस्टर ओढलं. सकाळपासून मी एकोणीस बायका परत पाठवल्या होत्या. प्रत्येकीला तोच प्रश्न, पाळी चालू आहे का? आणि रक्त जात असलेली प्रत्येक बाई म्हणाली होती, हो. त्यांच्याकडे त्या रक्ताला दुसरा शब्दच नव्हता. मी वयं वाचत गेले. तीस. सव्वीस. एकोणपन्नास. अठ्ठावन्न. पंचावन्न. आणि एके ठिकाणी, माझ्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईत: वय बासष्ट, पाळी चालू. परत.

बासष्ट वर्षांच्या बाईची पाळी. लिहिताना माझा हात अडखळला नव्हता. मला ती बाई आठवली. लांज्याकडून पहाटेच्या एस.टी.ने आलेली, पायात चप्पल नाही, नातवाचा टॉवेल कमरेला गुंडाळलेला. तो टॉवेल कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. “बरा,” एवढंच म्हणाली होती ती, आणि स्टँडकडे चालत गेली होती.

अशा सातजणी. सातवी माझी आई.

संध्याकाळी मी पुस्तक घेऊन वहिनींकडे गेले. ओटीवर उभी राहिले. मग पान उघडून पुढे केलं. म्हटलं, “वहिनी, हे वाचा. आईला उद्या आधी घ्यायला हवं. आणि त्या बायकांना परत बोलवायला हवं.”

त्यांनी पुस्तक हातात घेतलं नाही. आधी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं.

“शिकवलं म्हणून डॉक्टर झालीस होय? माझ्या शिबिरात चुका काढतेस?”

मी म्हटलं, “यात लिहिलंय.”

“काय लिहिलंय ते मला नको सांगू. ती मुंबईची माणसं. त्यांच्यापुढे तुझ्या आईला टेबलावर झोपवू? तो वास सुटलेला? आठ महिने माझ्या मागीलदारी सहन करत्ये मी. दुसरी असती तर बाहेर काढली असती.” मग आवाज खाली आणला. वहिनींचा खालचा आवाज वाईट. “खोली कोणाची आहे हे विसरू नको. दोन ओळी इंग्लिश वाचलीस म्हणून भांडी घासणाऱ्याची जात जात नाही.”

मी मागीलदारी आले. आईने सगळं ऐकलं होतं. ती दारात उभी होती. मी जवळ जाताच तिने हात उचलला आणि माझ्या थोबाडीत मारली. कानठळ्या बसल्या. दारावर आपटले.

“वैनीच्या तोंडाला लागतंस? त्यांच्या छपराखाली ऱ्हातो आपण! कुठं जाशील? कुठं नेशील माका?”

आठ महिन्यांत आईने मला पहिल्यांदा शिवलं, ते असं.

मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मारलं याचं तिला काही वाटलं नव्हतं. शिवलं याचं वाटलं. ती मागे सरली. “जा बाय, आंघोळ कर. शिवलंय मी तुला.”

“नाही करणार,” मी म्हटलं.

“जा म्हणते ना.”

“नाही.”

मी गोणपाटावर तिच्या शेजारी बसले. ती सरकत गेली, मी सरकत गेले, भिंत आली. तिचा हात धरला. त्या हाताची कातडी राखेने फाटलेली होती. लुगड्याला मागे मोठा डाग होता, त्या वेळी नवा झालेला, पसरत चाललेला. मी विचारलं, “किती जातं?” तिने लुगडं ओढून डाग झाकला. मग म्हणाली, “लय. आणि कंबर फुटते.” मग म्हणाली, “मेल्या जनावराचा वास येतो गो माझा. माझा माका सहन होत नाय.” आणि माझी आई, नवरा गेला तेव्हाही उभीच राहिलेली, माझ्या खांद्यावर तोंड दाबून रडली. आवाज वहिनींकडे जाऊ नये म्हणून तिने माझ्या पदराचा कोपरा दातात धरला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यांच्या आधी नेलं. वहिनी आल्या नव्हत्या. केसपेपर क्रमांक एक. मी लिहिलं: पाळी चार वर्षांपूर्वी बंद. आठ महिने रक्तस्राव. दुर्गंधी. तो कागद मी स्वतः आत नेऊन दिला. नर्सबाईंनी वाचला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, “तू थांब. तिला धर.”

शाळेचं बाक, वर रबरी कापड. पडदा म्हणजे दोरीवर टाकलेली चादर. आईने उभ्या जन्मात कोणापुढे लुगडं वर केलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते. तिच्याशी बोलले नाहीत. काय करणार ते सांगितलं नाही. “पाय फाक. अजून. अगं, अजून!” स्टीलचं यंत्र घातलं आणि आई ओरडली. माणूस ओरडतं तशी नाही. डॉक्टरांनी गुडघ्यावर चापट मारली. “मुलं झाली तेव्हा ओरडली नाहीस, आता काय?” यंत्र उघडलं. रक्त आलं, बाकावरून खाली टपटप. त्यांनी नाकावर रुमाल धरला आणि नर्सला इंग्रजीत म्हणाले, ही माणसं कुजतात आणि मग आपल्याकडे येतात. तोंड शिल्लकच नाही, सगळं खाऊन टाकलंय. दोन महिने आधी आणली असती तरी काही करता आलं असतं.

चादरीआड त्यांना वाटलं, हे फक्त दोघांनाच कळतंय.

आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने विचारलं, “काय म्हणलान गो डागदर?”

माझ्या इंग्रजी शाळेची सगळी वर्षं त्या प्रश्नापुढे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, “औषध देतो म्हणाले.”

ते माझं शेवटचं खोटं. आई पुढे चौदा महिने जगली. मुंबईला विजेचे शेक दिले, पोटाची कातडी जळून काळी झाली, लघवी झिरपत राहायची. शेवटी शेवटी ती मला शिव्या द्यायची, देवाला द्यायची, ज्या गाईचं शेण काढलं तिला द्यायची. शांतपणे गेली असं मी कोणाला सांगत नाही. ती शांतपणे गेली नाही. तिला रोगाने मारलं हेही मी अर्धंच मानते. रोगाला आठ महिने मोकळं रान कोणी दिलं, त्यात माझा हात कुठे होता, हे मला माहीत आहे.

पण ते नंतरचं. त्या सकाळी डॉक्टर हात पुसत बाहेर आले. सभागृह भरलं होतं. वहिनी येऊन बसल्या होत्या. डॉक्टर टेबलापाशी उभे राहून सगळ्या बायकांना मराठीत झापायला लागले.

“आत एक बाई आहे. आठ महिने रक्त जातंय, आणि घरात बसून होती. का? लाज! अडाणीपणा! तुम्ही लोक असे मरता. आम्ही मुंबईहून येतो आणि तुम्हाला पायरी चढायला लाज वाटते.”

बायकांनी माना खाली घातल्या. वहिनी म्हणाल्या, “सांगून सांगून थकलो हो डॉक्टर आम्ही. ऐकतच नाहीत.”

चादरीआड आई बसली होती. ती ऐकत होती. तिला वाटत होतं, चूक तिचीच. समोर बसलेल्या प्रत्येकीला वाटत होतं, चूक आपली.

मी रजिस्टर उचललं. मी म्हटलं, “डॉक्टर, ती काल आली होती.”

आवाज इतका बारीक होता की ते म्हणाले, “काय?”

“ती काल इथे आली होती. ह्या टेबलापाशी उभी होती. तिला परत पाठवलं.”

“कोणी?”

“मी. वहिनींनी सांगितलं, मी लिहिलं.”

“गप्प बस,” वहिनी म्हणाल्या. “डॉक्टर, लक्ष नका देऊ. आमच्या भांडीवालीची मुलगी. डोकं फिरलंय.”

“ती माझी आई आहे,” मी म्हटलं. “लाजेने घरी बसली नव्हती. पायरी चढून आली होती. तुमच्या नियमाचं आम्ही सोवळं केलं आणि तिच्या मागे पाणी शिंपडलं. अशा अजून सहाजणी आहेत. वाचते.” आणि मी वाचलं. सहा नावं, लांजा-संगमेश्वरकडची सहा गावं, सहा वयं. अठ्ठावन्न. पंचावन्न. साठ. एकसष्ट. सत्तावन्न. बासष्ट. प्रत्येक वयानंतर म्हटलं, पाळी चालू. चौथ्या वयाला रांगेतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अगो बाय, ही कसली पाळी?” मग कोणी खाली बघेना. सगळ्या आमच्याकडे बघायला लागल्या.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. रागाने की कशाने ते मी पाहिलं नाही. घड्याळ पाहत म्हणाले, “हे बघ, झालं ते झालं. चिठ्ठ्या देतो, त्यांना सिव्हिलला पाठवा. आमची जीप चारला मुंबईला निघते.”

वहिनी उठल्या. माझ्या कानाशी आल्या. आज त्यांचा आवाज खाली राहिला नाही. “संध्याकाळी खोली रिकामी कर. दोघी चालत्या व्हा.”

मी रजिस्टर छातीशी धरलं. डॉक्टरांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. शेवटच्या बाकावरच्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं:

“खोली रिकामी करते. पण जीप चारला मुंबईला जाणार नाही. आधी लांज्याला जाईल, मग संगमेश्वरला, आणि त्या सहाजणींना घेऊन इथे परत येईल. तुम्ही त्यांना तपासाल, काय करतोय ते आधी त्यांना मराठीत सांगून तपासाल. तोवर हे रजिस्टर, तुमच्या शिबिराचा सगळा पुरावा, मी कोणाच्या हातात देणार नाही. मी जीपमध्ये बसतेय. ड्रायव्हरला बोलवा.”